जपानला पैसे कसे न्यावेत? रोख, कार्ड की आणखी काही?

रानजाई । ११ मार्च २०२५, २१:४०

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन जपानला चाललेय. ओसाका, क्योटो, नारा आणि शेवटी टोकियो, एकूण १२ दिवस. बाबांनी १९७० सालच्या ओसाका एक्स्पोबद्दल, म्हणजे तिथल्या जागतिक प्रदर्शनाबद्दल, कॉलेजात असताना मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून ते मनात धरून बसलेत, आणि आता पुन्हा ओसाकातच एक्स्पो भरतंय म्हटल्यावर त्यांना थांबवणं शक्यच नव्हतं.

तिकिटं, हॉटेलं झाली. पैशांचं घोंगडं मात्र भिजत पडलंय. भाऊ म्हणतो, "सगळं कार्डावर कर, आता नोटा कोण वापरतं?" शेजारचे काका २०१२ मध्ये जाऊन आलेत, ते म्हणतात, "जपानात कार्ड काढलंस तर लोक तोंडाकडे बघत राहतील, रोखच ने." कुणाचं खरं मानायचं?

नवरा येत नाहीये, म्हणजे तिघांची खजिनदार मीच. येन किती न्यावेत? परकीय चलन आधी भरून नेतात ते फॉरेक्स कार्ड घ्यावं की क्रेडिट कार्ड पुरे? यूपीआय चालतं का? बाबांकडे फक्त रुपे डेबिट कार्ड आहे, त्याचा काही उपयोग?

सुटे_पैसे । ११ मार्च २०२५, २२:०५

यूपीआयचं स्वप्न विसरा. सिंगापूर, दुबई, नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका इथे चालतं, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटालाही चालतं. जपानात नाही. मी तिथल्या दुकानात क्यूआर कोड बघून आनंदाने फोन पुढे केला होता, तो त्यांच्याच कुठल्याशा ॲपचा निघाला. मागे रांगेत सात जण. कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

ओसाकातला_अण्णा । १२ मार्च २०२५, ०६:१२

इथं नऊ वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे भाऊही बरोबर आणि काकाही. मोठी दुकानं, हॉटेलं, शिंकान्सेनची (बुलेट ट्रेनची) तिकिटं, कन्व्हिनियन्स स्टोअर इथं कार्ड बिनधास्त चालतं. पण गल्लीतलं रामेनचं दुकान बघा. दारातच यंत्र असतं, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घेऊन आत बसायचं. जुन्या यंत्रांना फक्त नाणी आणि हजाराची नोट कळते. देवळांची प्रवेश-फी, नाऱ्याच्या हरणांची बिस्किटं, जुन्या स्टेशनांवरचे लॉकर, हे सगळं रोखीचं काम.

आणि एक्स्पो बरोबर उलटं! त्या आवारात रोख चालणारच नाही असं आधीच जाहीर झालंय. कार्ड, आयसी कार्ड (आधी पैसे भरून यंत्राला टेकवायचं कार्ड) किंवा क्यूआर, एवढंच. रोखीवर इतका जीव असलेल्या देशात हे बघून आमच्या ऑफिसातली म्हातारी मंडळी अजून कुरकुरतायत.

कान्साई विमानतळाच्या रेल्वे स्टेशनात उतरल्या उतरल्या तिघांची तीन आयकोका, म्हणजे इथली आयसी कार्डं, घ्या. एक २,००० येनला मिळतं, त्यात ५०० अनामत आणि १,५०० वापरायला. मेट्रो, बस, लॉकर, पाण्याची यंत्रं, दुकानं सगळीकडे टेकवायचं. टोकियोतही तेच चालतं, तिथलं सुईका वेगळं घेऊ नका. एका कार्डावर तिघं जाता येत नाही, माणशी एक हवंच. त्यात पैसे भरायचे तर स्टेशनवरच्या यंत्रात रोख टाकायची, परदेशी कार्डाने भरायचा नाद करू नका. म्हणजे कार्ड चालवायलाही नोट लागतेच.

रोख संपली तर सेव्हन-इलेव्हनमध्ये जा. तिथल्या एटीएमला परदेशी कार्डं चालतात, पडद्यावर इंग्रजी निवडता येतं. १०,००० ची नोट आली की तिथंच एक ओनिगिरी घेऊन मोडायची. दीडशे येनच्या भाताच्या गोळ्याला दहा हजारांची नोट दिली तरी कुणी कपाळाला आठी घालत नाही. हाच प्रयोग बसमध्ये मात्र करू नका. बसमधलं सुट्ट्यांचं यंत्र हजाराच्या वरची नोट घेत नाही.

पैसे हातात देत जाऊ नका. गल्ल्यावर छोटा ट्रे असतो, त्यात ठेवायचे. सुट्टेही त्यातच परत येतात. टिप कुणालाच नाही.

शेवटचं. आई-बाबांच्या खिशात त्यांचे स्वतःचे पैसे ठेवा. दरवर्षी भारतातून कुणाचे ना कुणाचे पालक येतात, आणि मुलाच्या फोनमध्ये सगळं, म्हाताऱ्यांच्या खिशात एक येन नाही, असं चित्र मी नेहमी बघतो. माणशी १०,००० येन, स्वतःचं आयकोका आणि हॉटेलचं जपानी पत्ता असलेलं कार्ड. एवढं कराच.

मधुमालती_के । १२ मार्च २०२५, ११:३०

अण्णांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे शंभर मार्क. आम्ही व्हिएतनामला गेलो तेव्हा सगळे पैसे 'ह्यां'च्याकडे. तिथे २०,००० ची नोट निळसर आणि ५,००,००० ची पण निळसरच, दोन्ही प्लॅस्टिकच्या. हनोईत रात्री टॅक्सीतून उतरताना ह्यांनी वीस हजारांच्या तीन नोटा म्हणून दिल्या, त्यात एक पाच लाखांची होती. हॉटेलात हिशेब जुळेना तेव्हा कळलं. आपले सोळाशे रुपये गेले, म्हणजे फार नाही, पण पुढचे चार दिवस प्रत्येक नोटेवरची शून्यं मी मोजत होते आणि हे नुसते माझ्याकडे बघत होते.

तेव्हापासून पाकिटाचे दोन कप्पे, लाखाच्या नोटा वेगळ्या. आणि पाकीट माझ्याकडे.

सुटे_पैसे । १२ मार्च २०२५, ११:४४

काकांची बाजू ऐकायला आवडेल :)

मधुमालती_के । १२ मार्च २०२५, ११:५८

त्यांचा इथे आयडी नाही आणि मी काढूनही देणार नाही.

हिशेबनीस । १२ मार्च २०२५, १६:२०

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची परकीय चलन विभागात, म्हणून नियमांचं थोडं सांगतो.

नोटांच्या रूपात बहुतेक देशांसाठी एका फेरीला जास्तीत जास्त ३,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं दुसरं चलन नेता येतं. बाकीचं कार्डावर. चलन घेताना रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर रोख चालते, नाहीतर खात्यातूनच द्यावी लागते. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट जवळ ठेवा. परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे ज्याला सगळे एलआरएस म्हणतात त्यात, वर्षाला ७ लाखांच्या वर गेलात तर २० टक्के टीसीएस, म्हणजे आधीच वसूल केलेला प्राप्तिकर, कापला जातो. येत्या १ एप्रिलपासून ती मर्यादा १० लाख होतेय. तुमचा प्रवास मे मधला, आणि तिघांची मर्यादा वेगवेगळी मोजली जाते, तेव्हा तुम्हाला हा प्रश्न येऊ नये. कापला गेला तरी विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

आता कार्डं. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला बहुधा २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. १ लाख रुपयांच्या खरेदीवर ३.५ टक्क्याने ३,५०० आणि वर ६३० असे ४,१३० रुपये गेले. मार्कअप शून्य असलेली कार्डंही मिळतात, मोठी बिलं त्याच्यावर घ्या. फॉरेक्स कार्ड घेणार असाल तर त्यात येनच भरून घ्या. डॉलर भरून येनमध्ये खर्च केला की पुन्हा चलनबदलाचं शुल्क, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख तर काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

बाबांच्या रुपे कार्डावर जेसीबीचं चिन्ह आहे का बघा. जेसीबी हे व्हिसासारखं, पण जपानचंच कार्डांचं जाळं, त्यामुळे तसलं आंतरराष्ट्रीय रुपे तिथे चालायला हवं. साधं देशांतर्गत रुपे असेल तर घरीच राहू द्या.

आणि हे हमखास विसरलं जातं: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त भारतातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशी व्यवहार, तिथलं एटीएम, टॅप करणं, हे सगळं बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं. मर्यादाही तिथेच ठरवा. विमानतळावरच्या वायफायवर हे करत बसलेली माणसं मी पाहिलीत.

रानजाई । १२ मार्च २०२५, २०:१५

काका, आत्ताच ॲप उघडून बघितलं. दोन्ही कार्डांवर परदेशी वापर बंद! एक कार्ड तर मी चार वर्षं वापरतेय. बाबांच्या रुपेवर जेसीबी नाही, ते घरी राहील.

दुकानातल्या मशीनवर रुपये की येन असं विचारतात म्हणे, तेव्हा काय निवडायचं?

हिशेबनीस । १२ मार्च २०२५, २०:४०

डोळे झाकून येन. जिथे असाल तिथलं चलन. रुपये निवडलेत तर दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो. शिवाय काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही शुल्क लावतात.

टेम्सकाठी । १३ मार्च २०२५, ०२:५०

थोडं अवांतर, लंडनला जाणाऱ्यांसाठी. इथल्या बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि माणशी वेगळं कार्ड. माझे सासू-सासरे आले तेव्हा नवऱ्याने एकाच कार्डावर तिघांना बसवायचा प्रयत्न केला. नंतर त्यानेच आपल्या फोनमधलं कार्ड आणि पाकिटातलं कार्ड असे दोन्ही आलटून पालटून वापरले. यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात, त्यामुळे दिवसभराच्या भाड्याला जी कमाल मर्यादा असते तिचा फायदा गेला.

सासऱ्यांनी जुन्या फेरीतले वीस पौंडांचे कागदी नोटांचे पुडके जपून आणले होते, रबरबँड लावून. कागदी २० आणि ५० च्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंडकडे बदलून मिळतात, पण त्यांचा तेव्हाचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

सुटे_पैसे । १३ मार्च २०२५, ०९:१०

म्हणजे तिकडेही नोटबंदी. फक्त रांगेचा फोटो पेपरात आला नाही.

ऱ्हाईनकाठचा । १३ मार्च २०२५, १३:२५

जर्मनीत अजूनही बेकरीत, छोट्या हॉटेलात 'फक्त रोख' अशी पाटी दिसते, किंवा दहा युरोच्या खाली कार्ड नाही. काही ठिकाणी मशीन असतं पण ते फक्त त्यांचं स्थानिक डेबिट कार्ड घेतं. स्टेशनातल्या स्वच्छतागृहासाठी एक युरोची नाणी बाळगा. तिथे चर्चेला वेळ नसतो.

ओसाकातला_अण्णा । १३ मार्च २०२५, १७:३३

रानजाई, नोटांबद्दल राहिलं. गेल्या जुलैपासून इथं नव्या नोटा आल्यात, १०,००० वर शिबुसावा एइइची, ५,००० वर त्सुदा उमेको, १,००० वर कितासातो शिबासाबुरो. जुन्याही चालतात, पण काही जुनी यंत्रं नव्या नोटा घेत नाहीत. दोन्ही प्रकारच्या हजाराच्या नोटा थोड्या जवळ असू द्या.

नाण्यांत ५ येनचं ओळखायला अवघड, त्याच्यावर इंग्रजी आकडाच नाही, फक्त जपानी अक्षर. पितळी रंग आणि मधोमध भोक. भोक ५० लाही असतं, पण ते पांढरं.

रानजाई । ८ जून २०२५, १९:०५

आलो! धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना हिशेब देणं लागते.

९०,००० येन इथूनच नेले. साधारण ५४ हजार रुपये झाले, पन्नासच्या वर असल्याने खात्यातून दिले. आई-बाबांना प्रत्येकी १०,००० दिले, त्यातले निम्मे हजाराच्या नोटांमध्ये. बाकीचे माझ्याकडे, दोन ठिकाणी विभागून. मोठी बिलं शून्य मार्कअपच्या कार्डावर.

बाबांनी नाण्यांसाठी आजोबांची कापडी चंची काढली. पान-सुपारीच्या चार कप्प्यांत शंभर, पन्नास, दहा आणि 'किरकोळ'. पहिल्या रात्री हॉटेलच्या पलंगावर सगळी नाणी मांडून बसले. पाच येनचं नाणं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे बिनआकड्याचं आहे, अण्णांनी लिहिलं होतं ते हेच." एक येन तर तळहातावर ठेवून फुंकर मारून बघितली, इतकं हलकं. मी हसत होते. पण क्योटोच्या बसमध्ये उतरताना माझ्या आयकोकात ९० येनच निघाले, यंत्र लाल होऊन ओरडायला लागलं, पर्समध्ये सगळ्या दहा हजारांच्या नोटा. भाडं २३०. मागे शाळेची पोरं खोळंबलेली. बाबांनी चंचीतून दोन शंभरची आणि तीन दहाची नाणी काढून डब्यात टाकली आणि ड्रायव्हरला मान लववून उतरले. नंतर दिवसभर त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता.

तो रुबाब एक्स्पोत उतरला. तिथे खरंच एक नोट चालली नाही. पाण्याची बाटलीसुद्धा कार्ड टेकवूनच.

क्योटोच्या हॉटेलात ४८,००० येनचं बिल देताना मशीनवर येन आणि रुपये दोन्ही आले. बाबा म्हणाले, "रुपये दिसतायत की, ते दाब, कळतं तरी किती ते." रुपयांत २९,९०० दाखवत होते. मी येन दाबलं, स्टेटमेंटला २८,३०० च्या आसपास आले. हिशेबनीस काका, तुमच्या एका वाक्याचे सोळाशे रुपये. मधुमालतीताईंच्या टॅक्सीचा हिशेब इथे फिटला असं समजा.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या दिवशी संध्याकाळी ओसाका स्टेशनवर लूप लाइनची गाडी आली, मी आत शिरले आणि वळून बघते तर आई-बाबा बाहेरच. दार बंद. वायफायचं यंत्र माझ्या पर्समध्ये, त्यांच्या फोनना नेट नाही, रोमिंग मी पैसे वाचवायला फक्त माझ्या नंबरवर घेतलेलं. पुढच्या स्टेशनवर उतरून परत येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. फलाटावर ते नव्हते. त्यानंतरचा पाऊण तास मी कुणाला काय विचारलं ते मला आठवत नाही.

ते हॉटेलात होते. आईने सांगितलं ते असं: बाबा म्हणाले, ती हॉटेलवरच येईल. बाहेर पडून टॅक्सीला हात केला, दार आपोआप उघडलं तेव्हा दोघं दचकून मागे सरकले. बाबांनी हॉटेलचं कार्ड दाखवलं. भाडं २,१६० झालं. आईने स्वतःच्या बटव्यातून हजाराच्या तीन नोटा ट्रेमध्ये ठेवल्या आणि राहू द्या अशी खूण केली. ड्रायव्हरने ८४० येन मोजून ट्रेमध्ये ठेवले. आईने ट्रे परत सरकवला. त्याने पुन्हा पुढे सरकवला. मग घेतले.

मी पोचले तेव्हा दोघं लॉबीत ग्रीन टीच्या बाटल्या घेऊन बसले होते, आणि माझ्यासाठी एक जास्तीची. आई म्हणाली, "तू कुठे राहिलीस?"

अण्णा, त्या परिच्छेदासाठी तुम्हाला काय म्हणू.

ओसाकातला_अण्णा । ८ जून २०२५, १९:४८

काही म्हणू नका. आईंना नमस्कार सांगा, आणि त्या ड्रायव्हरलाही मनातल्या मनात.

आयकोका परत दिलीत ना? अनामत मिळाली का?

रानजाई । ८ जून २०२५, २०:०२

नाही ना! परतीचं विमान टोकियोहून होतं. स्टेशनच्या खिडकीवर गेले तर म्हणाले, आयकोका पश्चिम जपानच्या रेल्वेचं आहे, परतावा तिकडेच मिळेल. तिन्ही कार्डं तशीच घेऊन आलो.

ओसाकातला_अण्णा । ८ जून २०२५, २०:१०

अरारारा. तुम्ही शेवटी टोकियोला जाणार हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आणि मी सुईका घेऊ नका सांगून मोकळा झालो. ही चूक माझी. खरं तर उरलेले पैसे विमानतळावरच्या दुकानात संपवता आले असते, अनामत मात्र अडकलीच. शेवटच्या वापरापासून दहा वर्षं कार्ड जिवंत राहतं, फेकू नका.

हिशेबनीस । ८ जून २०२५, २१:१५

नोटा उरल्या असतील तर १८० दिवसांच्या आत बदलून टाका. २,००० डॉलरपर्यंतचं चलन जवळ ठेवता येतं, तेव्हा पुढच्या फेरीसाठी ठेवलं तरी हरकत नाही. नाणी इथे कुणी घेणार नाही.

रानजाई । ८ जून २०२५, २१:३०

नाणी बाबांच्या चंचीत आहेत, ती ते कुणालाही देणार नाहीत.

आयकोका तीन आहेत: एकात १४० येन, एकात ६१०, आईच्यात १,०५०, कारण ती सगळीकडे चालत जायची. ऑक्टोबरच्या आधी एक्स्पोला कुणी जात असेल तर ठाण्यात येऊन घेऊन जा, निरोप टाका. परत येताना ओसाकातून येणार असाल तर अनामत तुमची.

मधुमालती_के । ८ जून २०२५, २१:४१

आम्ही सप्टेंबरात चाललोय! दोन हवीत. एक ह्यांच्यासाठी, १४० येनवालं चालेल.